रिकामं आधी

उणे एकवीस. उत्स्योकीच्या कचेरीत मी एकटी
आणि हीटरचा खोकला.
बिजागर तुटलेल्या लॅपटॉपवर उतरवून घेतेय
नवी आवृत्ती, बीटा दोन.
खऱ्या मशीनला हात लावायचा नाही.
कच्च्या मडक्यात पाणी भरू नये
एवढं मलाही कळतं;
म्हणून मडकं कच्चं, आणि पाणीही नकलेचं:
सहा हजार चारशे बारा कानखुणा.
कुणाच्या रेनडिअरला डाव्या कानात दोन खाचा,
कुणाच्या उजव्याचं टोक छाटलेलं, खाली पायरी.
सुरीनं लिहिलेली आडनावं.

पहिला प्रयत्न फसला.
पोर्ट व्यापलेला आहे, म्हणाली.
असणारच.
जुनी आवृत्ती तिथं चौदा वर्षं मांडी ठोकून बसलीय.
बसलेल्याला उठवत नाहीत आमच्याकडे,
नव्याला शेजारी स्टूल देतात.
एक आकडा वाढवला. टेकली.

इस्सातचा फोन, कुंपणावरून,
मागे कळपाचे खूर आणि कुणाच्या तरी शिव्या:
"चालतंय का तुझं ते?
की पुन्हा वहीतच लिहू?"
लिही, म्हटलं. वही कधी क्रॅश होत नाही.
"होते की," तो म्हणाला, "मागच्या वर्षी कुत्र्यानं खाल्ली."

मग मी हिंडले तिच्यात,
नव्या घरात पाहुणी कपाटं उघडून बघते तशी.
जो प्रश्न विचारून मी कॉफी करून आणायचे
त्याचं उत्तर कप उचलायच्या आत.
थोडी चिडलेच. कॉफीचं काय आता?
टोपी घातलेली आमची अक्षरं
जुनीत झेडच्याही मागे, दाराबाहेर उभी असायची;
इथं आपापल्या भावंडांशेजारी बसलीत.
कुणी शिकवलं हिला? मदतपानावर एक ओळ नाही.
दोनदा कोसळली. एकदा माझी चूक,
एकदा तिची.

आणि मग, सहज, झोप येत होती म्हणून,
मालकांच्या नावानं यादी लावली.

जुनीत मालक नसलेल्या खुणा तळाशी जायच्या,
तीनशेव्या पानापलीकडे;
तिथवर कुणाचं बोट पोचत नसे.
हिनं त्या सर्वांत वर आणून ठेवल्या.
अकरा.
नावाच्या जागी काहीच नाही. शून्यही नाही,
शून्य म्हणजे निदान कुणीतरी मोजलेलं असतं.

चौथी.
डावा: टोक छाटलेलं, मागून दोन खाचा.
उजवा: पायरी.
नोंद अडुसष्टची, रेघ ओव्ला म्हाताऱ्याच्या हातची,
थरथर स्कॅनमध्येही दिसते.

ही खूण मला पाठ आहे.
आमच्या घरी शिंगाचा एक चमचा होता,
त्याच्या दांड्यावर हेच दोन कान.
कुणाचे, विचारलं
की आई चुलीत लाकूड सारायची,
लाकूड आधीच पेटलेलं असलं तरी.

त्रुटी कळवायच्या फॉर्मला तीन चौकटी.
काय केलंत?
यादी लावली.
काय अपेक्षित होतं?
रिकामं शेवटी.
काय घडलं?
रिकामं आधी आलं.

खाली चौथी चौकट: तीव्रता.
किरकोळ, मध्यम, गंभीर.
यांतलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

इवालोच्या वृद्धाश्रमात दहानंतर फोन घेत नाहीत,
आता साडेदहा.
पेनानं मनगटावर काढून घेतली,
डावा कान, उजवा कान,
शाई थंडीनं अडकत होती, पायरी नीट आली नाही.
फॉर्म तसाच उघडा ठेवला
आणि हीटर बंद केला.